दोन पात्यांची होडी

देवासला समुद्र नाही. विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी आणि शेवटी सह्याद्री एवढं सगळं ओलांडलं की मग तो लागतो. त्यामुळे त्याच्याबद्दल मतं बाळगायला आम्ही माळव्यातली मराठी मंडळी अगदी मोकळी असतो. रोज ज्याच्या नाकातोंडात खारं पाणी जातं त्याला बोलताना जपावं लागतं. आम्हाला ती अडचण नाही. आमचे पूर्वज पवार सरदारांच्या मागोमाग इकडे आले ते घोड्यावरून, आणि ज्यांना घोडा परवडत नव्हता ते पायी. नर्मदा ओलांडताना काय नाव लागली असेल तेवढीच घराण्याची दर्यावर्दी कामगिरी.

आमच्या टापूतलं सगळ्यांत मोठं जहाज मांडूला उभं आहे, तेही दगडी. गियासुद्दीन खिलजीच्या काळातला, पंधराव्या शतकातला जहाज महाल. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव आणि मध्ये सुमारे 120 मीटर लांबीची ही इमारत. पावसाळ्यात दोन्ही तलाव भरले की ती तरंगल्यासारखी दिसते आणि इंदूरहून आलेली मंडळी छत्र्या सावरत तिच्यासमोर फोटो काढतात. पाचशे वर्षांत हे जहाज एकदाही भरकटलं नाही, कुणावर आदळलं नाही, खडकावर चढलं नाही. सुरक्षित नौकानयनाचा यापेक्षा चांगला दाखला आरमाराकडेही नसेल.

पण धारवाल्यांचा समुद्रावरचा खरा दावा आणखी जुना आहे. अकराव्या शतकातला धारचा राजा भोज याच्या नावावर ‘युक्तिकल्पतरु’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो त्यानं स्वतः लिहिला की पुढे कुणी त्याच्या नावावर चढवला, यावर पंडितांचं एकमत नाही. पण धारमध्ये बसून पंडितांचं कोण ऐकतो? या ग्रंथात नौकांवर एक आख्खं प्रकरण आहे. लाकडाच्या चार जाती, कुठल्या जातीची फळी कुठल्या फळीला जोडावी, लांब नावा कोणत्या आणि उंच कोणत्या, चार डोलकाठ्यांची असेल तर रंग पांढरा, तीनची असेल तर तांबडा, दोनची असेल तर पिवळा, एकच असेल तर निळा. नाळेवर सिंहाचं तोंड बसवावं, नाहीतर हत्तीचं, नाहीतर बेडकाचं. बेडूक कुणासाठी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

आणि त्यातच एक ताकीद आहे. समुद्रात जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडानं जोडू नयेत. समुद्रात चुंबकाचे खडक असतात, ते लोखंड ओढून घेतात आणि नाव संकटात सापडते. आता चुंबकाचे खडक समुद्रात कुणाला भेटले नाहीत. अरबी समुद्रात जुन्या काळी फळ्या काथ्यानं शिवलेली गलबतं हिंडत, हे खरं. पण ती शिवण लवचीक असते, किनाऱ्यावर आपटली तरी सहज फुटत नाही, हे त्यामागचं साधं कारण. राजानं पाहिलं असेल ते बरोबर, कारण जोडलं ते कल्पनेतलं. गंमत अशी की ज्या धार शहरातून ही ताकीद निघाली, तिथेच लाट मशिदीजवळ जगातल्या मोठ्या प्राचीन लोहस्तंभांपैकी एक तीन तुकड्यांत पडलेला आहे. सगळे तुकडे मिळून सात टनांच्या वर वजन. लोखंड नावेत नको म्हणणाऱ्या गावानं ते कुठे ठेवलं, याचं उत्तर मिळालं.

हजार वर्षांनंतर भोजाचं हे वचन मी खरं ठरताना पाहिलं, तेही मुंबईच्या बंदरात.

माझ्या भाच्याची एक लहानशी शिडाची होडी आहे. नोकरीपायी तो मुंबईला, आणि सुट्टी मिळाली की होडीत. एकदा गेटवेकडून मांडव्याच्या दिशेला तो मला घेऊन निघाला. बंदरातली गर्दी मागे पडल्यावर त्यानं एका पेटीतून हातभर लांबीची काळी नळी काढली. नळीचं बूड होडीच्या बाजूच्या खाचेत बसवलं आणि तिच्यातून बाहेर येणारा स्टीलचा दांडा सुकाणूच्या दांड्यावरच्या खुंटीत अडकवला. नळीवर पाचसहा रबरी बटणं. त्यातलं एक दाबलं आणि म्हणाला, “मामा, आता सुकाणूला हात लावू नका.”

घुर्र. स्टीलचा दांडा बोटभर बाहेर आला, सुकाणू तेवढंच सरकलं. थांबलं. घुर्र-घुर्र. दोन बोटं आत गेलं. एखादी लाट मागच्या अंगाखालून सरकून गेली की होडीचं नाक उजवीकडे वळू बघे, आणि नळी लगेच तक्रारीच्या सुरात ते डावीकडे आणे. मी थोडा वेळ एकटक बघत राहिलो. सुकाणूवर कुणी नाही आणि सुकाणू हलतं आहे, हे दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याला दुपारी बाराच्या उन्हातसुद्धा जरा चमत्कारिकच वाटतं.

मग मी चंची काढली. सुपारी कातरली आणि अडकित्ता बाजूला ठेवायला गेलो, तोच भाच्यानं माझं मनगट धरलं. “तिथं नको मामा. याचा होका आतच आहे.” म्हणजे त्या नळीच्या पोटातच चुंबकीय दिशा ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं, ठरवलेली दिशा आणि आत्ताची दिशा यांतला फरक काढून ते मोटारीला हुकूम सोडतं. शेजारी लोखंड आलं की त्याला उत्तर कुठली हेच समजेनासं होतं. “बघायचंय?” असं म्हणून त्यानं अडकित्ता माझ्या हातून घेतला आणि नळीच्या अंगाला नेला. घुर्र, घुर्र, घुर्र. मांडव्याला निघालेली आमची होडी मोठ्या आत्मविश्वासानं उरणकडे तोंड करायला लागली. अडकित्ता लांब नेला, पुन्हा मांडवा. जवळ आणला, पुन्हा उरण. यंत्राला आपण चुकतो आहोत याची यत्किंचितही शंका नव्हती. भोजराजाचे खडक हेच! फक्त ते समुद्रात नसून माझ्या चंचीत होते. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे पक्कड, स्पीकर, मोबाइल, पत्र्याचा डबा, सगळ्यांची तीच गत. कुणीतरी कप्प्यात हातोडी टाकतो आणि ऑटोपायलट बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो.

या यंत्राची वंशावळ मोठी आहे. अमेरिकेतल्या एल्मर स्पेरीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या जायरोवर चालणारा सुकाण्या तयार केला. खलाशी त्याला ‘मेटल माइक’ म्हणायचे. पण मला जास्त आवडतो तो निकोलस मिनोर्स्की. रशियातून अमेरिकेत गेलेला हा अभियंता चांगल्या सुकाण्याकडे बघत बसला. कच्चा सुकाण्या फक्त इतकंच बघतो की जहाज आत्ता किती अंश चुकलं आहे. मुरलेला सुकाण्या आणखी दोन गोष्टी बघतो: ही चूक किती वेळ साचत आली आहे आणि जहाज किती वेगानं वळतं आहे. म्हणून नाक जागेवर यायच्या आधीच तो सुकाणू उलटं फिरवायला घेतो. मिनोर्स्कीनं 1922 साली हे सगळं गणितात मांडलं, आणि आजही कारखान्यातल्या भट्टीपासून एसीपर्यंत हजार यंत्रं त्याच गणितावर चालतात. ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकन युद्धनौकेवर प्रयोग झाले, ते चांगले ठरले, आणि तरीही आरमारानं यंत्र घेतलं नाही, कारण जहाजावरच्या माणसांना ते नको होतं. ज्या सुकाण्यांकडे बघून तो शिकला त्यांनीच त्याला घरी पाठवलं. यात मला काही वावगं दिसत नाही.

यंत्राच्याही आधीची गोष्ट जोशुआ स्लोकमची. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 1895 मध्ये अझोर्स बेटांवर कुणीतरी प्रेमानं दिलेलं चीज आणि प्लम त्यानं भरपूर खाल्ले आणि वादळात पोट धरून तो खोलीच्या जमिनीवर पडला. शुद्धीवर आला तर सुकाणूवर लाल टोपीचा एक धिप्पाड माणूस. म्हणाला, घाबरू नकोस, मी कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या, आज रात्री तुझी नाव मीच हाकतो. वर चीज आणि प्लम एकत्र खाऊ नयेत असा सल्लाही दिला. सकाळी स्लोकमनं पाहिलं तर त्याची ‘स्प्रे’ आपल्या वाटेवर सरळ चालली होती. त्याच्या नावेचा तोलच असा होता की सुकाणू बांधून ठेवलं तरी ती रेषा सोडत नसे. पुढे हिंदी महासागरात कोकोस बेटांपर्यंतच्या 23 दिवसांत तो सगळा मिळून तीन तासही सुकाणूवर बसला नाही. आजच्या यंत्रात सगळं आहे, खाण्यापिण्याबद्दल उपदेश करणारा वाटाड्या तेवढा नाही.

यावर आमच्याकडची मंडळी लगेच म्हणतील की यात नवीन ते काय, माळव्यातला गाडीवान बाजार उरकून रात्री गाडीत घोंगडी ओढून झोपायचा आणि बैल त्याला घरापर्यंत आणून सोडायचे. खरं आहे. पण बैलांना डोळे होते. वाटेत ओढ्याला पाणी आलेलं असेल तर ते थांबायचे, समोरून दुसरी गाडी आली तर बाजूला व्हायचे, आणि आपण ओढ्यात पडलो तर आपणही मरू ही समज त्यांना होती. भाच्याच्या नळीला यातलं काही नाही. तिला एकच गोष्ट माहीत: दिशा. समोर कोळ्यांच्या जाळ्याचे बोये असोत, नांगरलेलं तेलाचं जहाज असो की मांडव्याची लाँच असो, ती त्यांच्यातून नेईल, आणि तीही अगदी सरळ रेषेत.

बरं, दिशा म्हणजे वाट नव्हे, ही आणखी एक भानगड. मुंबईच्या खाडीत ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढत असतं. नाक मांडव्याकडे बरोबर धरलेलं आणि होडी मात्र सबंध आडवी सरकते आहे, असं होतं. मग यंत्राला जीपीएसची जोड देतात, म्हणजे ते ठरवलेल्या ठिकाणाकडे वाट सुधारत जातं. तर त्यातून वेगळंच निघतं. लोक नकाशावरचा बोया हेच ठिकाण म्हणून टिपतात, कारण तो नकाशावर ठसठशीत असतो. आणि यंत्र इतकं अचूक की होडी नेऊन त्या बोयावरच आदळवतं. माणसानं हाकली असती तर हाताच्या थोड्याफार ढिलाईनं ती बाजूनं गेली असती. ढिलाईलाही काही किंमत असते, हे मी घरी कित्येक वर्षं सांगतो आहे.

भाच्यानं मला ‘रॉयल मॅजेस्टी’ची गोष्ट सांगितली ती मांडव्याच्या जेटीवर, भजी खाताना. 9 जून 1995 ला दुपारी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघालं. वर दीड हजार माणसं. निघाल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची तार सांध्यातून निसटली. यंत्रानं आकांडतांडव केलं नाही. उपग्रह मिळत नाहीत म्हटल्यावर ते शेवटची जागा, दिशा आणि वेग यांवरून अंदाजानं आकडे दाखवू लागलं, आणि आपण अंदाज करतो आहोत हे पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरांत लिहून मोकळं झालं. ऑटोपायलटनं ते आकडे खरे मानले. पुढचे 34 तास वाऱ्यानं आणि प्रवाहानं जहाज एका बाजूला सरकत होतं आणि पडद्यावरची रेघ मात्र सरळच होती. एका अधिकाऱ्याला रडारवर अपेक्षित वेळी बोया दिसला. तो भलताच बोया होता. दुसऱ्याला पुढचा बोया दिसलाच नाही, पण कप्तानानं विचारल्यावर त्यानं दिसला म्हणून सांगितलं. टेहळणीवरच्या खलाशांनी लाल दिवे दिसतात, पाण्याचा रंग निळसर-पांढरा दिसतो, असं वर कळवलं. पडदा म्हणत होता सगळं ठीक. 10 जूनच्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळच्या वाळूच्या दांड्यावर जहाज चढून बसलं, तेव्हा ते आपल्या वाटेपासून 17 सागरी मैल दूर होतं. माणसं सगळी वाचली. भाचा म्हणाला, “मामा, पाण्याचा रंग बदलला हे ज्यांनी बघितलं ती माणसं होती. फक्त त्यांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.”

मला मात्र त्यातला मधला अधिकारी ओळखीचा वाटला. न दिसलेला बोया दिसला म्हणून सांगणारा. तो प्रत्येक कचेरीत असतो.

आता आमच्या देवासकडे यावंच लागेल, कारण या विषयातला अधिकार आमचा आहे. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांना हा मुलूख मिळाला आणि पुढे एका देवासची दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, टेकडी एक, राजे दोन. दरबार दोन, कचेऱ्या दोन. रस्त्याची एक बाजू याची आणि दुसरी त्याची. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, पण आमच्या घरात दिवाणखान्यातला पंखा दिवसभर रिकामा फिरत राहिला की आजी म्हणायची, “दुसऱ्या पातीचा असेल.” काम झालं नाही तर ते दुसऱ्या पातीचं, कंदील लावायचा राहिला, दुसऱ्या पातीचा. दोन्हीकडची माणसं चांगली होती, कामसू होती, फक्त प्रत्येकाला वाटे की ते तिकडचे बघताहेत.

ऑटोपायलट लावलेली होडी ही अगदी अशीच. यंत्राची एक पाती, माणसाची दुसरी. अडचण होते ती हद्दीवर. ‘टॉरे कॅनियन’ हे प्रचंड तेलवाहू जहाज 18 मार्च 1967 ला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांकडे चाललं होतं. खडक दिसले, वळायचं ठरलं, सुकाण्यानं चाक फिरवलं आणि जहाज वळेना. सुकाणूचा ताबा कुणाकडे हे ठरवणारी एक खटकी असते. ती भलत्या जागी सरकलेली होती, आणि माणसाच्या हातातलं चाक कशालाच जोडलेलं नव्हतं. कप्तानानं इंजिनखोलीला फोन लावला, तो चुकून जेवणघरात लागला आणि तिथल्या माणसानं न्याहारी आणू का म्हणून विचारलं, अशी हकिकत सांगतात. खटकीकडे लक्ष गेलं, ती बदलली, जहाज वळायला लागलं, पण तोवर खडक आला होता. लाखाहून जास्त टन कच्चं तेल समुद्रात गेलं. एवढ्या मोठ्या जहाजावर तेवढा वेळ राजा कुणीच नव्हता. देवासचा कुठलाही जुना कारकून तिथं असता तर त्यानं आधी विचारलं असतं, साहेब, हे कुठल्या पातीत येतं?

भाच्यानं म्हणूनच मला पहिल्यांदा शिकवलं ते यंत्र लावायला नव्हे, सोडवायला. स्टँडबायचं बटण कुठलं, ते अंधारात बोटाला कसं लागेल, आणि बटण चालत नसेल तर दांडा खुंटीवरून सरळ उचलून कसा काढायचा. गर्दीत, बंदरात, अरुंद वाटेत यंत्र नको. मागून मोठ्या लाटा येत असतील तर बहुधा नको, कारण पुढची लाट यंत्राला दिसत नाही. आणि एकटे असाल तर कमरेला दोरी, होडीला बांधलेली. माणूस पाण्यात पडला तरी नळी आपली घुर्र-घुर्र करत होडीला ठरलेल्या दिशेनं घेऊन जाते. तिला मालक लागतच नाही. हे ऐकल्यावर परत येताना मी दोरी बांधली, आणि दोघे असतानाही बांधून ठेवली.

भर समुद्रात एकट्यानं जाणारे मग करतात काय? 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नावेनं सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवावा. झोपेसाठी सूट दिलेली नाही. एकटा माणूस सदासर्वकाळ जागा राहू शकत नाही, म्हणून तो क्षितिजभर नजर फिरवून वीसेक मिनिटांचा गजर लावतो. क्षितिजावर न दिसणारं जहाज तुमच्यावर येऊन आदळायला साधारण तेवढा वेळ लागतो, असा तो हिशोब. या हिशोबावर माणसं जग फिरून आली आहेत. आपले कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये चार मुक्काम करून परत आले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. आणि हा सगळा खटाटोप ज्यांच्या डोक्यातून निघाला ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले कुठे, तर फलटणजवळ विंचुर्णीला. समुद्राचे मोठे विचार समुद्रापासून लांबच सुचतात, हे भोजापासून चालत आलं आहे. त्याआधी, 1968-69 मध्ये, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या ‘सुहैली’तून कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला, ती नावही आपल्या मुंबईत सागवानाची बांधलेली. तिचं वाऱ्यावर चालणारं आपोआप सुकाणू वाटेत मोडलं. मग त्यानं शिडांचा तोल साधून, सुकाणू बांधून, स्लोकमच्या पद्धतीनं उरलेलं जग ओलांडलं. ती एक स्पर्धा होती, आणि तिच्यात उतरलेल्या बाकी आठांपैकी एकही ती पुरी करून परतला नाही.

देवासचीही एक होडीची दुर्घटना आहे, कागदावरची का होईना. 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होऊन काही महिने इथं राहिला. बागा, मोटारी, टेनिसची मैदानं, वीजघर असं काय काय त्याच्या गळ्यात घातलेलं होतं. त्यानं इथली गोकुळअष्टमी पाहिली आणि 1924 मधल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीच्या शेवटी ती आणली. पावसाळी रात्र, तलाव, काठावर उत्सव. एका होडीत डॉ. अझीझ आणि राल्फ, दुसऱ्या होडीत फील्डिंग आणि त्याची बायको स्टेला. सगळ्यांच्या नजरा काठावरच्या गोकुळाकडे, आणि दोन्ही होड्या एकमेकींवर आदळून उलटतात. पाणी उथळ, त्यामुळे माणसं वाचतात आणि कादंबरीही. टीकाकारांनी या प्रसंगाचे पुष्कळ गूढ अर्थ लावले. भाच्याला सांगितला तर त्यानं विचारलं, “लुकआउट कोण होता?”

गेल्या हिवाळ्यात मी धार जिल्ह्यात नर्मदाकाठी गेलो होतो, सरदार सरोवराचं पाणी चढलं आहे त्या भागात. निसरपूर, चिखल्दा ही गावं त्या बुडितातली. तिथले नावाडी इंजिनाच्या होडीतून लोकांना पलीकडे नेतात. आमचा नावाडी भर पाण्यात, जिथं मला काहीही दिसत नव्हतं अशा जागी, एकाएकी वळसा घेई आणि हनुवटीनं खाली दाखवून सांगे, इथं विजेचा खांब आहे. पुढे गेल्यावर, इथं चिंच. आणखी पुढे, इथून रस्ता जायचा, इथं वळण होतं. म्हणजे तो पाण्यावर होडी चालवत नव्हताच, खालच्या गावातून चालवत होता. भाच्याच्या नळीत हे कसं भरायचं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात त्याला बिडी पेटवायची होती, म्हणून त्यानं इंजिनाचा दांडा माझ्या हातात दिला. समोरच्या टेकडीकडे बोट करून म्हणाला, “बस, सीधे रखना।”

मी सीधे रखलं. डोळे टेकडीवर, हात दांड्यावर, इकडे तिकडे न बघता. तो वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढत होता, पण नजर त्याची पाण्यावरून हटत नव्हती. एकदा काडी तोंडाशी नेताना मध्येच थांबून त्यानं पायानं दांडा थोडा सरकवला आणि कसला तरी खांब आमच्या बाजूनं गेला असावा. बिडी पेटली, त्यानं हात पुढे केला. मी विचारलं, “पकड लिया?” तो म्हणाला, “हाँ।” मी दांडा सोडला नाही. “पक्का? आपके पास है?” त्यानं दांडा माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि धूर सोडत म्हणाला, “बाबूजी, नाव दे रहे हो कि रजिस्ट्री कर रहे हो?”